कोळपं उचललं तिथे

जूनचा दुसरा आठवडा. ऑन्टॅरिओत मका अजून वीतभर,
ओळींमधली माती फणीने भांग पाडावा तशी.
मी बांधावर, वही घेऊन. अडुसष्टावं लागलंय.
एका जागी पाच मिनिटं उभं राहायचं,
ऐकू आलेलं लिहायचं, पुढच्या जागी जायचं.
तेवीस वर्षं हेच.

सांजचिमणी आधी दोन शिट्ट्या घालते, सावकाश,
दाराशी येऊन कुणी घसा खाकरावा तशा.
मग दोन वरच्या पट्टीत.
मग सगळं एकदम सांडून देते, मोहरीचा डबा कलंडल्यासारखं.
हे आठवणीतून सांगतेय.
यंदा पहिल्या दोनच ऐकल्या,
पुढे नुसता वारा.
वहीत लिहिलं, एक. खोडलं. पुन्हा लिहिलं.

इलाम ब्रुबाकरचे घोडे ओळीच्या टोकाशी वळत होते,
बेल्जियन जोडी, खूर परातीएवढे.
त्यांच्या पंथात ट्रॅक्टर चालत नाही.
काय हरवलं, त्याने विचारलं.
चिमणी, म्हटलं. ढेकळाच्या रंगाची,
उडाली की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या.
"ती होय. आमच्यात तिला नाव नाही.
घोड्यांपुढे पळते ती."

आणि लगामाच्या हाताने शेत दाखवलं.
तेव्हा दिसलं. इतक्या सरळ ओळींत मध्येच
चाकवताची झिपरी, पाच पावलं लांब.
इथे एक. सहा ओळी सोडून एक. खाली ओढ्याकडे दोन.
तिथे तिथे त्याने कोळपं उचललं होतं
आणि पुढे जाऊन परत टेकवलं होतं.
"रस्त्यावरून आळस दिसतो," तो म्हणाला.
"मेहुणा बोललासुद्धा, रविवारी, सगळ्यांदेखत."

जवळ गेले तशी ती पायांतून निघाली,
पंख ओढत, लंगडी असल्याचं सोंग करत.
गेल्या सालच्या धसकटाला टेकून एक वाटी,
आत घोड्याच्या शेपटीचे केस गोल गोल,
त्यात चार अंडी, तपकीर उडाल्यासारखी.
दोन श्वास पाहिलं आणि मागे फिरले.

ऐकलेल्यांचा रकाना तसाच सोडला.
संध्याकाळपर्यंत ओळी धरून तण मोजत गेले,
घोडे बांधून तोही मागून आला.
अकरा.
बाराव्यापाशी वाकले, चाकवत बाजूला केला,
खाली काहीच नाही, नुसती ओलसर माती.
इलामने टोपी मागे सरकवली.
"ते लिहू नका," म्हणाला,
"तिथे मला डुलकी लागली होती."