नोड क्रमांक एक

फोर्ट कॉलिन्स, जानेवारी.
पार्किंगमधल्या गाड्यांवर कालचा बर्फ तसाच.
लॅबमध्ये लायलने धूळ उडवायचा स्प्रे उलटा धरला,
मेमरीच्या कांडीवर मारला,
कांडी पांढरी पडली.
चालत्या यंत्रातून उपसून, दुसऱ्यात खोचून
मला म्हणाला, वाच.

वीज गेली की मेमरी विसरते,
असं सांगलीला कॉलेजात शिकले होते.
विसरते, पण लगेच नाही.
गारठली तर आणखी सावकाश.
पडद्यावर एका रुग्णाचं नाव उमटलं,
बनावट, चाचणीपुरतं टाकलेलं,
आणि त्याच्या बनावट रक्ताचा अहवाल.
तरी मी नजर वळवली,
कुणाच्या उघड्या खोलीत चुकून डोकावल्यासारखी.

म्हणून ही नवी चिप.
जागी होताना ती स्वतःशीच एक किल्ली घडवते.
कर्नलला दाखवत नाही, मला नाही,
तिला घडवणाऱ्या कारखान्यालाही नाही.
झोपताना किल्ली गिळून झोपते.
मधल्या वेळात कांडीवर जे जे उतरतं
ते गिचमिड होऊन उतरतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण झाकली आहे हे सांगणार कोण?
मूठ तर बोलत नाही.
फर्मवेअर आपल्या तक्त्यात
मेमरीच्या एकेका पट्ट्यापुढे खूण करतं:
हिला झाकता येतं.
ती खूण कर्नल वाचायचा आणि पुढे सरकायचा,
आलेलं टपाल फडताळात टाकून देणाऱ्या माणसासारखा.
माझं काम एवढंच,
ती खूण सगळ्यांना दिसेल अशा जागी
एका फाइलीत ठेवायची.
फाइलीत एकच आकडा. एक किंवा शून्य.
चार महिने लागले.

त्यातले दोन नावावर गेले.
मी लिहिलं होतं, 'कूटबद्ध'.
डुलूथहून इंग्रिड टॉलंडने विचारलं,
बद्ध आहे कशावरून?
चिपला येतं, एवढंच तुला माहीत आहे.
करते आहे, हे पाहिलंस?

चिडून मी खिडकीपाशी गेले.
टेकड्यांमागे गोठलेला तलाव.
मला पोहता येतं.
आत्ता मी कोरडी आहे.
परत येऊन नाव खोडलं, लिहिलं 'कूटक्षम'.
कानाला खटकतं. खोटं नाही.

मग ग्रीलीच्या रुग्णालयाचं यंत्र आलं.
नोड शून्य: एक.
नोड एक: शून्य.
(ही चेष्टा माझी नाही,
आमच्याकडे मोजणीच शून्यापासून सुरू होते.)
दुसऱ्या बाजूला कुणीतरी वेगळ्या बनावटीची मेमरी जोडलेली,
वीज गेली तरी न विसरणारी.
आठवण पक्की, झाकण नाही.

विक्री विभागाचा कर्टिस दोन कॉफ्या घेऊन आला,
एक माझ्यासाठी.
तीन चतुर्थांश तर झाकलंय ना, म्हणाला,
सगळ्या यंत्राचं मिळून एकच उत्तर दे.

चारातली तीन बोटं मिटली, एक उघडं राहिलं,
तर त्याला मूठ म्हणत नाहीत, कर्टिस,
बोट दाखवणं म्हणतात.
हे मी मराठीत म्हणाले, मनातल्या मनात.
इंग्रजीत फक्त, नाही.
कॉफी घेतली.

ग्रीलीला रात्रपाळीवर रोसाल्बा किंतेरो असते,
तिला मी कधी पाहिलेलं नाही.
तिने अकरा वाजता फाइल उघडली,
शून्य पाहिलं,
रुग्णांच्या सगळ्या नोंदी पहिल्या बाजूला बांधून टाकल्या
आणि उघड्या बाजूला ठेवला
स्वयंपाकघराचा आठवड्याचा मेनू:
उकडलेली गाजरं, टर्की, बिनसाखरेची जेली.
ज्याला चोरायचं त्याने चोरावं.

सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून ऑफिसला पोचले
तर तिचं एका ओळीचं पत्र.
शून्याबद्दल आभार.