कान दिसले पाहिजेत

सेलूच्या स्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान.
प्रयागबाई आल्या. कॅरीबॅगमध्ये पासपोर्ट,
कॅरीबॅगला तीन गाठी.
अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता सुटल्या.
व्हिएतनामला जायचंय म्हणे, तिघी मैत्रिणींसोबत.

जन्मतारीख एक जून.
"गुरुजींनी टाकली. आमचा अख्खा वर्ग
त्याच दिवशी जन्मला."

फोटोत कान दिसले पाहिजेत, मावशी.
पदर तेवढा…
त्यांनी आधी दाराकडं पाहिलं,
मग रस्त्याकडं,
मग पदर खांद्यावर घेतला.
डाव्या कानाखाली गोंदणाचा हिरवा ठिपका.
मागं पांढरी चादर धरून मुजम्मिल,
हात भरून आले तरी हलला नाही.

फोटो तीनशे केबीत बसेना.
लहान करत गेलो तसा
ठिपकाच आधी पुसला.

सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट जोडलं,
परतीचं तिकीट जोडलं.
शेवटी रकाना: प्रवासाचा उद्देश.
काय लिहू?
"लिही की, कामाला नाही चालले."
यादीत तसं काही नव्हतं.
पर्यटन दाबलं.

पावती कॅरीबॅगमध्ये गेली. आता गाठी चार.
रस्ता ओलांडून रसवंतीपाशी पोचल्या,
कान उघडेच.