टोपणनाव

मनामा, गुदैबिया. शुक्रवारच्या नमाजानंतरचे दोन तास.
सकीना मुकादमच्या शिवणदुकानात
ट्रायल रूमचा पडदा ओढून बसतो आम्ही :
मी स्टुलावर,
ती कुणी न नेलेल्या अबायांच्या ढिगावर.
बाहेर सकीना मशीन चालू ठेवते
नुसतंच, बिनदोऱ्याचं,
म्हणजे आमचं बोलणं टाक्यांखाली जाईल.

प्रश्न चौदा : गेल्या वर्षभरात दवाखान्यात गेलात का?
गेले, म्हणते. मॅडमसोबत.
मला काय दुखतं ते मॅडमनेच सांगितलं डॉक्टरला.
माझ्याकडे पर्याय दोनच, हो आणि नाही.

प्रश्न सतरा : एचआयव्हीची चाचणी?
दीदी, रक्त तर घेतातच, व्हिसासाठी.
रक्त माझं, कागद कफीलकडे,
माझ्या हाती कापूस.

मग एजन्सीच्या खोलीतल्या मुलीचं सांगते.
तिचा कागद परत आला नाही, तीच परत गेली.
पांढरी गाडी, बॅग भरायला वीस मिनिटं.
काय झालंय
ते तिला काठमांडूला उतरल्यावर महिन्याभराने कळलं.
औषधाचं विचारू नका.
फॉर्मवर अशांसाठी एक चौकट आहे :
संपर्क तुटला.

प्रश्न एकवीस : पाळी चुकली तर कुणाकडे जाल?
तेवढ्यात मशीन थांबतं. गिऱ्हाईक.
आम्ही आरशात बघत राहतो, एकमेकींकडे नाही.
बटणांवरून घासाघीस. दार. पुन्हा मशीन.
ती हळूच : तुम्ही कुणाकडे गेला असतात?

माझ्या पर्समध्ये विम्याचं कार्ड,
नवऱ्याच्या नावाखाली माझं नाव.
मी रकाना कोरा सोडते.

शेवटी सांगते, खरं नाव लिहायचं नाही,
अहवालासाठी टोपणनाव निवड.
ती हसते. ते तर आहेच की.
माझ्या आधीची मेरी, तिच्या आधीचीही मेरी,
मुलांना सवय झालेली, म्हणून मीही मेरी.
इथे तरी खरं लिहा ना.

मी नियम समजावते. तुझ्याच सुरक्षेसाठी वगैरे.
ती मान हलवते,
फळीवरचा शिंप्याचा खडू उचलते
आणि आरशावर लिहिते,
सावकाश, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.

बाराखडी एकच आमची.
मी वाचलं.

मग ओढणीच्या टोकाने तिनेच पुसलं,
एक वेलांटी राहिली तिथे, अर्धी.
बाहेरून सकीना :
झालं का गं माप घेऊन?