ठिपक्याला ठिपका

मुकादम मिस्त्री म्हणाले, ठिपक्याला ठिपका जुळला
म्हणजे पत्रिका जुळली, पोरी.
संसार बघायचा तर चकती लाव.

त्यांच्या घरात पत्रिका कुणी बघत नाही.
माझ्या घरात बघतात. माझे एकतीस गुण जुळले होते,
चौदाव्या महिन्यात मी परत आले.
त्यांना ते माहीत आहे,
म्हणून इंजिनाकडे बघून बोलले.

दारूखान्यातली आमची गल्ली. समोर
तुटलेल्या जहाजाचा एक आख्खा जिना
भिंतीला टेकवून ठेवलेला, गिऱ्हाईकाची वाट बघत.
स्टँडवर केरावाला डॉक्टरांच्या पद्मिनीचं इंजिन,
पोटात नवी कॅम,
कोइमतूरहून मेणकागदात आलेली,
सोबत एक कार्ड: इनटेक एकशे सहा.

चकती मी केली.
नववीतल्या कंपासपेटीतला कोनमापक
पत्र्यावर दोनदा गिरवला, एकदा वर, एकदा खाली.
काटा हँगरच्या तारेचा.
डायल गेज कुठल्याशा जहाजातून आलेलं,
त्यावरची अक्षरं आम्हा दोघांना येत नाहीत.
आकडे येतात.

आधी पिस्टनचं टोक शोधायचं.
मला वाटलं, वर गेला की वर गेला.
पण टोकाशी तो रेंगाळतो,
क्रँक फिरत राहते आणि हा जागचा हलत नाही,
सुई ढिम्म.
दोन अंश, तीन अंश, यातला खरा कोणता?
'तिथं नको विचारू त्याला.
येताना अडव. जाताना अडव.'

जुन्या प्लगमध्ये बोल्ट वेल्ड करून केलेला अडसर
पहिल्या सिलिंडरच्या भोकात घट्ट बसवला.
एकीकडून येऊन टेकला: अडतीस.
उलटा फिरून टेकला: चव्वेचाळीस.
बेरीज, निम्मे.
चकती तीन अंश सरकवली.
आता दोन्हीकडून एकेचाळीस,
आणि जिथे पिस्टनला आम्ही जाऊच दिलं नाही
ती जागा शून्य.

मग अडसर काढून कॅम.
चढताना, माथ्याच्या सव्वा मिलिमीटर अलीकडे: चौसष्ट.
उतरताना तेवढंच पलीकडे थांबायचं
तर मी पुढे गेले. अर्धा अंश असेल.
पाना मागे ओढणार, इतक्यात मनगटावर हात.
'चेन सैल पडेल. सैल चेन खोटं बोलते.
पाव फेरा मागे जा
आणि पुढच्या अंगानेच पुन्हा ये.'
सुई त्यांना दिसत नाही, मोतीबिंदू पिकलाय.
माझा खांदा दिसला असावा.

पाव फेरा मागे. पुन्हा आले.
एकशे छप्पन्न.
दोनशे वीसचे निम्मे एकशे दहा.
ठिपक्यावर ठिपका होता
आणि चार अंश उशीर होता.

'एक दात सरकवू?'
'एका दाताचे अठरा अंश. सुईच्या कामाला कुऱ्हाड नको.'

क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा.
इकडचे चार तिकडे दोनच,
आणि दोन अंश म्हणजे चावीच्या खाचेपाशी
नखाची जाडी.
चावीला तेवढी पायरी काढायची, कानसने.
मी घासत होते, ते अंगठ्याने बघत होते.
अजून.
अजून.
चहावाला येऊन गेला, ग्लास गार झाले.
अजून थोडी. बस.

पुन्हा सगळं पहिल्यापासून,
चकती, तार, सुई.
चढताना साठ.
उतरताना एकशे बावन्न.
बेरीज मी मोठ्याने केली नाही.
त्यांचे ओठ हलले, मग थांबले.

जाताना त्यांनी दोन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवलं.
आता ते समोरासमोर नव्हते,
मधे फट होती, तांदळाच्या दाण्याएवढी.
बोट तिथे थोडं थांबलं.
'राहू दे,' म्हणाले,
आणि फडक्याला हात पुसले.