पान सत्तेचाळीस

बोंबील आले ते एका छापील पानात गुंडाळून.
रुवैसच्या कॅम्पात, खोली बी-बारा,
सहा खाटा, एक एसी, त्याचा घसा कायमचा बसलेला.
फिलूनं जुझेच्या हाती पाठवले, थेट गिरीजहून.
कमरुल ओरडला, "भाई, खिडकी!"
खिडकी उघडत नाही, हे त्यालाही ठाऊक.

पान फेकणारच होतो.
मग दिसली पेन्सिलची रेघ,
थरथरत, उजवीकडे वर चढत गेलेली.
बा अशाच रेघा मारायचा
केळीच्या हिशेबाच्या वहीत.

पुस्तकाचं नाव नाही. लिहिणाऱ्याचंही नाही.
कुणी पाद्री कुणा बाईला लिहितोय,
जिला प्रार्थना येईनाशी झालीय:
"विहीर आटली म्हणून रहाट मोडू नकोस.
रोज दोन फेऱ्या फिरव.
कोरडी गाडगी वाजतात, वाजू देत."

आय गेली तेव्हा शटडाऊन चालू होता.
पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात,
सही करणारा रजेवर.
तिकडे तिच्यावर माती पडत होती
आणि मी फ्लँजचे बोल्ट मोजत होतो. चोवीस.
पुन्हा मोजले. चोवीसच.
त्यानंतर मिस्सा नाही.
शुक्रवारची बस फाटकाशी थांबायची,
मी कपडे वाळत घालत राहायचो.

पान उलटलं. अठ्ठेचाळीस.
तेलाच्या डागाखाली शेवटची ओळ:
"आणि देव गप्प असतो तेव्हा, मुली, तो"

संपलं पान.

फिलूला फोन केला.
"कुठलं पुस्तक? माळ्यावरचं?
अर्धं वाळवीनं खाल्लं रे,
उरलेलं गेलं पाणी तापवायला.
बोंबील कसे होते ते सांग."

जुझे म्हणाला, "ऐकतो, असंच असणार. दुसरं काय?"
कमरुलला हिंदीत समजावलं.
तो बराच वेळ पायाचं नख कापत बसला, मग म्हणाला,
"नाइट ड्यूटीपे होगा."

मला दोन्ही पटलं नाही.
पान प्लॅस्टिकच्या पिशवीत, छातीच्या खिशात,
परमिटच्या कागदामागे.
साठ मीटर उंच परातीवर, पहाटे तीनला,
खाली खारट जमीन, पांढरी, कुणाचीच नसलेली,
दूर फ्लेअर जळतेय, वारा तिला आडवी करतोय.
दोन फेऱ्या. मनातल्या मनात.
काही वर आलं नाही.
नुसती गाडगी वाजली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
एकदा झोपच लागली मध्ये.

आगोटच्या आधीचे बोंबील संपले,
वास राहिला.

एका शुक्रवारी बसमध्ये चढलो.
ठरवून नाही; कपडे आदल्या रात्रीच वाळले होते.
शेवटच्या बाकावर बसलो.
फादर केरळचे, इंग्रजी भरभर,
निम्मं कळलं.
मग कम्युनियननंतरची ती शांतता,
कुणाच्या तरी मुलाचा बूट वाजतोय फक्त.

पान काढलं नाही. पाठच होतं.
वाक्य अजून "तो"वरच थांबलेलं.
मीही थांबलो तिथं.
घामानं खिसा भिजलेला, वास सुटलेला.
पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं,
नाक मुरडलं,
आणि मग, काय वाटलं कोण जाणे,
पर्स उचलून मांडीवर घेतली
आणि मला जागा करून दिली.