बंद केल्यावरही

नॉर्विचला आल्यावर पहिल्याच आठवड्यात
माझी फोडणी जळली. तीनदा.
छत्तीस वर्षं गप्पा मारता मारता केलेली फोडणी.
मोहरी तडतडली, हिंग-जिरं घातलं,
बटण फिरवून शून्यावर आणलं,
आणि कढीपत्ता निथळायला वळले तेवढ्यात
जिरं काळं, हिंगाची राख,
छताला चिकटलेलं ते पांढरं डबडं किंचाळायला लागलं.

शलाका वरून धावत आली, कानात ऑफिस तसंच,
टॉवेलनं डबड्याला वारा घालत म्हणाली,
"आई, आधी खिडकी उघडायची. किती वेळा सांगितलं."
मी म्हटलं, "तुझ्या घरात स्टूलसुद्धा विचारून सरकवते मी."
बोलून झाल्यावर कळलं
काय बोलले ते.

मग डाळ.
सहा शिट्ट्या, आठ, अकरा,
तरी दाणा न् दाणा ताठ,
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा.
कुकरची रिंग बदलली. वाण्याला नावं ठेवली.

शेजारची मॉरीन आली होती भोंगा ऐकून,
एका हातात कुत्र्याचा पट्टा.
तिचं इंग्रजी मला अर्धं, माझं तिला पाव.
पातेल्यात डोकावली, मग आमच्या किटलीचं झाकण उघडून
आत बोट फिरवून दाखवलं:
पांढरा थर, चुन्याच्या डबीसारखा.
इथल्या पाण्यातच खडू.

म्हणजे डाळ नाही, रिंग नाही, मीही नाही.
पाणी.
बरं वाटलं. थोडं वाईटही:
चूक माझी होती तोवर ओळखीची तरी होती.

आता गाळणीच्या जगमधलं पाणी, चिमूटभर सोडा,
डाळ रात्रीच भिजत.
पहिल्यांदा सोडा चमचाभर पडला.
आमटीला साबणाचा वास.
शलाकानं दोन वाट्या खाल्ल्या, एक शब्द काढला नाही.
त्यावरून ओळखलं, राग अजून गेलेला नाही.

शेगडीचं मात्र मॉरीनलाही सांगता आलं नसतं.
एका दुपारी काही न शिजवता
तिच्यासमोर नुसती उभी राहिले.
बटण बंद केलं, घड्याळ पाहिलं.
लाल वेटोळं काळं व्हायला दोन मिनिटं.
काळं झाल्यावरही वर तळवा धरवेना,
आणखी सात.
गावाकडचा गॅस बंद म्हणजे बंद.
हिला बंद झाल्याचं उशिरा कळतं.

तेव्हापासून मोहरी तडतडली की
बटणाकडे बघतही नाही.
कढलं उचलते, पाटावर ठेवते,
मग जिरं, मग हिंग,
मग पानं, तेलाच्या उरल्यासुरल्या धगीवर.

काल डबा भरताना शलाका म्हणाली,
"कढीपत्ता हिरवा राहिलाय आज."
मी म्हटलं, "हो."
आणखी एक वाक्य ओठांवर आलं होतं,
ते उचलून बाजूला ठेवलं.

तिनं पायानंच स्टूल सरकवलं माझ्याकडे.
शेगडी अजून गरम होती.