आधीचा आकडा

पहाटे पाचला पिशवी उचलून पाहते:
सहा तासांत नव्वद मिली,
रंग कोऱ्या चहाचा.
सोपान लांडगे, साठ किलो.
क्रिएटिनिन दोन पॉइंट सात.
पण चढलं कुठून?
पहिली पायरी की तिसरी
हे जमिनीपासून मोजतात,
आणि यांची जमीन कुणालाच ठाऊक नाही.

काकू चपलांच्या पिशवीतून काढतात
भोसरीच्या कंपनीतल्या तपासणीचा कागद,
घडीवर फाटलेला, गेल्या दिवाळीचा:
शून्य पॉइंट नऊ.

तिप्पट. बरोबर तिप्पट.
केसपेपरवर लिहिते: तिसरी.

‘गुडघ्याच्या गोळ्या घ्यायचे?’
‘रोज दोन. मेडिकलवाला गावचाच आहे आमच्या.’

खाली स्टेशनकडे रिकामी पीएमटी वळते.
काकू हळूच विचारतात,
‘तिसरी म्हणजे वरची, की खालची?’

मी वाकून
नळीतला पीळ सोडवते,
नसलेला.